मुतखड्याची कळ: दुखतं कशामुळे आणि पहिल्या तासात काय करायचं

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. केळीच्या बागेत नाहीतर कापसासाठी रान तयार करताना सकाळपासून राबणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं. लघवी दिवसातून दोन-तीनदाच होते आणि तीही गडद पिवळी. त्या थोड्याशा लघवीत क्षार मात्र रोजच्याइतकेच असतात. दाट झालेल्या पाकात साखरेचे खडे धरावेत, तसे हे क्षार एकमेकांना धरून बसतात. म्हणून उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत मुतखड्याच्या कळेचे रुग्ण वाढतात.

कळ आली की घरात धावपळ सुरू होते. कुणी तांब्याभर पाणी पाजतं, कुणी म्हणतं सलाईन लावा, कुणी केळीच्या खोडाचा रस काढायला बागेत पळतं. माणूस तळमळत असतो, त्यामुळे काहीतरी करावंसं वाटणं साहजिक आहे. पण यातल्या काही गोष्टींनी दुखणं वाढतं. ते का वाढतं हे कळण्यासाठी आधी दुखतं नेमकं कशाने, हे पाहावं लागेल.

ठिबकची नळी आणि मूत्रवाहिनी

खडा टोचतो, आतून कापत जातो, म्हणून दुखतं, असं बहुतेकांना वाटतं. खडा खरबरीत असतो आणि त्याने आतलं अस्तर खरचटतंही. लघवीत रक्त येतं ते त्यामुळेच. पण माणसाला जमिनीवर लोळवणारी ती कळ टोचण्याची नसते. ती तुंबण्याची असते.

खान्देशात ठिबक नाही असं शिवार सापडणं अवघड, म्हणून उदाहरण तिथलंच घेऊ. पाण्यातला क्षार तोटीत बसला की ती चोंदते. मोटर चालूच असते, पाणी मागून येतच राहतं, नळी फुगते आणि एखादा जोड सुटतो. किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी नळी म्हणजे मूत्रवाहिनी. ती साधारण २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते आणि तिची आतली पोकळी जेमतेम ३ ते ४ मिलीमीटर. तीन ठिकाणी ती आणखी अरुंद असते: किडनीतून बाहेर पडते तिथे, कमरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरून उतरते तिथे आणि मूत्राशयात शिरते तिथे. खडा बहुधा यांपैकी एका जागी अडकतो.

मागे लघवी तुंबली की किडनी फुगते आणि तिच्यावरचं आवरण ताणलं जातं. दुखणं या ताणाचं असतं. प्लास्टिकची नळी निर्जीव, मूत्रवाहिनी मात्र जिवंत स्नायूची आहे. अडथळा पुढे ढकलण्यासाठी ती आवळते, सैल होते, पुन्हा आवळते. त्यामुळेच कळ लाटेसारखी येते. एक लाट २० मिनिटांपासून तासभर चालू शकते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दाब वाढला की किडनी प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार करते. त्याने किडनीत येणाऱ्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येतं आणि लघवी आणखी तयार होते. पुढे तोटी चोंदलेली असताना मागे कुणी दुसरी मोटर चालू करावी, तसंच हे झालं. शिवाय हेच रसायन सूज आणि वेदना वाढवतं. योग्य औषध कोणतं आणि तांब्याभर पाणी चुकीचं का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथे आहेत.

खड्याच्या आकारावर दुखणं ठरत नाही. किडनीच्या पोकळीत २ सेंटीमीटरचा खडा वर्षानुवर्षं गुपचूप बसलेला असतो, कारण तो वाट अडवत नाही. ३ मिलीमीटरचा कण नळीत अडकला की तो घर डोक्यावर घेतो. विहिरीत धोंडा पडला तरी मोटर चालते, तोटीत वाळूचा कण गेला की थांबते.

हीच कळ मुतखड्याची, हे कसं ओळखायचं

दुखणं पाठीत, बरगड्यांच्या खाली एका बाजूला सुरू होतं आणि कुशीतून पुढे जांघेकडे उतरतं. पुरुषांना वृषणात, बायकांना योनीच्या कडेला कळ जाते. वृषणाच्या आणि किडनीच्या नसा मणक्यात जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून मेंदूची गल्लत होते. उलट्याही अशाच सामाईक नसांमुळे होतात. ‘पित्त झालं’ म्हणून तेवढ्यावर सोडू नये. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आला की सारखी लघवीला लागते आणि थेंब-थेंब होऊन टोकाला आग होते.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुतखड्याचा रुग्ण एका जागी पडून राहू शकत नाही. तो उठतो, बसतो, फेऱ्या मारतो. पोटात आतडं फुटलं असेल किंवा अपेंडिक्स चिघळलं असेल, तर माणूस हलायला घाबरतो आणि लाकडासारखा पडून राहतो.

पण खुणेवर भिस्त ठेवून घरी थांबू नये अशा काही जागा आहेत. पहिल्यांदाच कळ आली असेल, तर निदान डॉक्टरांनीच करायला हवं. साठीच्या पुढे पहिल्यांदाच असं दुखलं तर पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली नाही ना, हे पाहावं लागतं. पाळी चुकलेल्या बाईला असं दुखलं तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तरुण मुलाचं दुखणं फक्त वृषणातच असेल तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच वृषण वाचण्याची आशा चांगली असते.

पहिला तास

आधी खडा पडून गेला आहे, कळ ओळखीची आहे, रात्र आहे आणि तालुक्याचं गाव २०-२५ किलोमीटरवर आहे, असं समजू.

ताप बघा. तापमापक घरात असायलाच हवा. १०० च्या वर ताप असेल किंवा थंडी वाजत असेल तर खालचं काहीही करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. त्याचं कारण पुढे येईलच.

ताप नसेल तर डॉक्टरांनी पूर्वी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी लगेच घ्या. कळ ‘सहन होते का ते बघू’ म्हणून थांबू नका. लाट चढल्यावर उलट्या सुरू होतात आणि मग गोळी पोटात राहत नाही. दुखणाऱ्या बाजूला गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा. शेकाने कळ खरोखर उतरते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. पिशवी नसेल तर गरम पाण्यात पिळलेला पंचा चालतो.

पाणी तहानेपुरतं, घोट-घोट. दोन-तीन लिटर पाणी ढोसून खडा ‘वाहून’ जात नाही. बंद नळीमागे दाब वाढतो, पोट तट्ट होतं आणि उलटीत सगळं बाहेर पडतं. भरपूर पाणी ही खडा होऊ नये यासाठीची गोष्ट आहे. कळ चालू असताना ती उपयोगाची नाही.

मोटारसायकलवर स्वतः निघू नका. कळेच्या भरात डोळ्यांपुढे अंधारी येते. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी हाणली की खडा पडतो, हा समज तर अगदीच धोक्याचा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

गोळी, इंजेक्शन आणि सलाईन

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, किटोरोलॅक ही सूज कमी करणारी वेदनाशामकं मुतखड्याच्या कळेवर पहिल्या पसंतीची आहेत. ती फक्त वेदना बधिर करत नाहीत. ती प्रोस्टाग्लँडिन हे रसायनच तयार होऊ देत नाहीत, म्हणजे मागची जादा मोटर बंद करतात आणि किडनीतला दाब उतरतो. डायक्लोफिनॅकचं ७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन साधारण अर्ध्या तासात काम करतं. गोळी ५० मिलिग्रॅमची असते आणि दिवसभरात इंजेक्शन धरून एकूण १५० च्या वर जायचं नाही.

एक बारकावा. डायक्लोफिनॅक सोडियमच्या गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं, म्हणून ती उशिरा लागू पडते. डायक्लोफिनॅक पोटॅशियम लवकर लागू पडतं. वारंवार कळ येणाऱ्याने यांपैकी आपल्याला कोणती ठेवायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. उलट्या होत असतील तर गुदद्वारातून ठेवायची गोळीही मिळते. संकोचामुळे ती मागितली जात नाही, पण रात्रीच्या वेळी ती मोठा आधार ठरते.

सर्रास होणारी चूक म्हणजे एकच औषध दोन नावांनी घेणं. घरात कंबरदुखीची अॅसिक्लोफिनॅकची गोळी असते, ती घेतली जाते. तासाभराने दुकानातून ‘कळेची गोळी’ येते, तिच्यात डायक्लोफिनॅक असतं. मग दवाखान्यात इंजेक्शन. तिन्ही एकाच कुळातली. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना पाकीट दाखवून सांगा.

ही गोळी कुणी घेऊ नये? रक्तात क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा घटक) वाढलेलं असलेल्यांनी, एकच किडनी असलेल्यांनी, पोटात अल्सर किंवा रक्तस्राव झालेल्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी, अशा गोळीने दमा उठणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि डेंग्यूची शंका असताना कुणीही. त्यांच्यासाठी पॅरासिटामॉल आहे आणि रुग्णालयात ते शिरेतून दिलं तर चांगलं काम करतं. त्यानेही भागलं नाही तर ट्रामाडोलसारखी औषधं दिली जातात, पण त्यांनी मळमळ वाढते.

स्नायू सैल करणारी औषधं, म्हणजे ड्रोटाव्हेरिन किंवा हायोसिन, आपल्याकडे भरपूर दिली जातात. एकटी ती कमी पडतात आणि चांगल्या वेदनाशामकासोबत दिल्याने फार फरक पडतो असंही दिसलेलं नाही.

सलाईनबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण गावोगाव त्यावर पैसे जातात. सलाईनने खडा खाली सरकत नाही. उलट्यांनी किंवा उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं असेल तर ते भरून काढण्यासाठी सलाईन हवं. नाहीतर त्या बाटलीने आराम पडत नाही, तिच्यात टाकलेल्या वेदनाशामकाने पडतो.

‘पण पेनकिलरने किडनी खराब होते ना?’

ही भीती अनाठायी नाही. महिनोन्महिने रोज घेतल्या तर या गोळ्या किडनीला इजा करतात. पण निरोगी किडनीच्या माणसाने दोन-चार दिवस ठरलेल्या मात्रेत घेणं ही वेगळी गोष्ट आहे. दिवसभर उन्हात राबून, पाणी न पिता, वर चार उलट्या झालेल्या माणसाला मात्र एका दिवसातही त्रास होऊ शकतो, कारण सुकलेल्या किडनीला रक्त पोहोचवण्यासाठी तेच रसायन, प्रोस्टाग्लँडिन, लागतं आणि गोळी ते तयार होऊ देत नाही. अशा वेळी आधी पाणी भरून काढणं गरजेचं असतं. दवाखान्यात ‘दिवसभर शेतात होतो, लघवी सकाळपासून झाली नाही’ हे आवर्जून सांगा.

तापासोबत कळ म्हणजे थांबायला वेळ नाही

तुंबलेल्या डबक्यात जंतू झाले की पाणी सडतं. किडनीत तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की ते दाबामुळे थेट रक्तात जातात. काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. इथे नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही, कारण बंद किडनीत औषध नीट पोहोचत नाही. तातडीने नळी घालून लघवीला वाट करून द्यावी लागते, खडा नंतर काढला तरी चालतो. थंडी-ताप असेल, लघवी पूर्ण बंद झाली असेल, एकच किडनी असेल, रुग्ण गरोदर असेल किंवा इंजेक्शननंतरही कळ उतरत नसेल, तर मूत्ररोगतज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठा. मध्ये दोन-तीन दवाखान्यांत थांबण्यात रात्र घालवू नका.

कळ थांबली म्हणजे खडा पडला?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. खडा तिथेच अडकलेला असूनही कळ थांबते. किडनी हळूहळू लघवी कमी तयार करायला लागते, ताणाला सरावते आणि दुखणं विरतं. माणूस कामाला लागतो. पुरती बंद असलेली किडनी काही आठवड्यांत कायमची कमजोर होऊ लागते, तीही काही न दुखता. वर्षाने कशासाठी तरी सोनोग्राफी होते तेव्हा कळतं की एक किडनी फुग्यासारखी झाली आहे.

म्हणून खडा डोळ्यांनी दिसल्याशिवाय तो पडला असं धरू नका. लघवी चहाच्या बारीक गाळणीतून किंवा मलमलच्या फडक्यातून गाळा. ही गाळणी वेगळी ठेवा. कण मिळाला तर वाळवून स्वच्छ बाटलीत ठेवा आणि प्रयोगशाळेत द्या. तो कशाचा आहे त्यावर पुढचं पथ्य ठरतं. मिळाला नाही तर दोनेक आठवड्यांत पुन्हा तपासणी करून घ्या. सोनोग्राफीत किडनीची सूज चांगली दिसते, पण मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा आतड्यातल्या हवेआड लपतो. साध्या एक्स-रेत युरिक अॅसिडचे खडे दिसत नाहीत. शंका राहिली तर औषध न टोचता होणारा सीटी स्कॅन सर्वांत खात्रीचा.

वाट किती पाहायची? ५ मिलीमीटरपेक्षा लहान खडे दर तिनांत साधारण दोन आपोआप पडतात. ५ ते १० मिलीमीटरचे जवळपास निम्मे. त्याला चार ते सहा आठवडे लागू शकतात. ताप नसेल, कळ आटोक्यात असेल आणि किडनीचं काम ठीक असेल, तरच थांबायचं. खालच्या भागात अडकलेल्या ५ ते १० मिलीमीटरच्या खड्यासाठी टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम देतात. ते मूत्रवाहिनीचा खालचा भाग सैल करतं. त्याने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री जेवणानंतर घ्यावं. पुरुषांमध्ये वीर्य बाहेर कमी येतं, ते औषध थांबवल्यावर पूर्ववत होतं.

खोडाचा रस, पानफुटी, कुळीथ, बिअर

रावेर-यावलकडे केळीच्या खोडाला तोटा नाही, त्यामुळे तो रस घरोघरी सुचवला जातो. कुळथाच्या कढणाचं आणि पानफुटीच्या पानांचंही तसंच. यांनी अडकलेला खडा विरघळतो याला माणसांवरच्या तपासणीचा भक्कम आधार नाही. ५ मिलीमीटरच्या आतला खडा बहुधा तसाही पडणारच होता, श्रेय मात्र रसाला मिळतं. कुळथाचं कढण बिनमिठाचं घेतलं तर बिघडत काही नाही. किडनी कमजोर असेल तर खोडाचा रस नको, त्यातलं पोटॅशियम हृदयाला जड जाऊ शकतं. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, म्हणून मूठ-मूठ पानं चावून खाऊ नयेत. बिअरने लघवी वाढते हे खरं, पण नंतर शरीर सुकतं आणि युरिक अॅसिड वाढतं.

ठिबक वापरणारा शेतकरी विचारतो: नळीत अॅसिड सोडलं की क्षार सुटतो, मग लिंबाने खडा का नाही सुटणार? कारण लिंबाचं आम्ल लघवीत आम्ल म्हणून पोहोचतच नाही. शरीर ते वापरतं आणि लघवी उलट कमी आंबट होते. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात (ऑक्झलेट म्हणजे पालकासारख्या भाज्यांत असणारं एक द्रव्य) आणि ते तयार झाल्यावर औषधाने विरघळत नाहीत. विरघळतात ते युरिक अॅसिडचे, तेही पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने लघवीचं आंबटपण कमी केल्यावर, काही आठवड्यांत. लिंबाचा खरा उपयोग नवा खडा रोखण्यात आहे, कारण त्यातलं सायट्रेट कॅल्शियमला ऑक्झलेटशी जुळू देत नाही.

दुर्बीण झाली, नळी आत आहे

खडा पडत नसेल तर बाहेरून लहरींनी फोडणं, लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेझरने चुरा करणं किंवा २ सेंटीमीटरहून मोठा असेल तर पाठीतून छिद्र करून काढणं, असे मार्ग आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात यांपैकी काही उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करा.

शस्त्रक्रियेनंतर बऱ्याचदा आत एक मऊ नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात. ती असताना लघवी करताना पाठीत चमक येते, सारखी लागते, जास्त चाललं की लघवी लालसर होते. हे अपेक्षित असतं. पाणी पीत राहावं आणि त्रास जास्त असेल तर टॅमसुलोसिन मागून घ्यावं. खरा धोका नळी विसरण्याचा आहे. आराम पडला की लोक परत जात नाहीत आणि महिन्यांनी तिच्यावरच क्षार चढून ती जागेवर बसते. ती बहुधा काही आठवड्यांत काढायची असते. तारीख कॅलेंडरवर लिहा, घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगा.

वांगी सोडायची का? आणि दूध? आणि बोअरचं पाणी?

भरताच्या वांग्याची बी किडनीत जाऊन खडा होतो, ही समजूत पक्की रुजली आहे. बी आतड्यातून बाहेर पडते, किडनीचा रस्ता वेगळा आहे. टोमॅटोचंही तेच. केळ्यात ऑक्झलेट कमी असतं, तेही सोडायचं कारण नाही. जपायचं ते पालक, अळू, राजगिऱ्याची भाजी, बीट, बदाम आणि कडक चहाला. शेंगदाणे-तिळाचं वाटण रोज दोन्ही वेळा नको.

दूध बंद करणं ही उलटी चूक. दह्या-दुधातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि ते शौचावाटे जातं. दूध बंद केलं की ऑक्झलेट मोकळं सुटून लघवीत येतं. पालक खायचाच असेल तर दह्यासोबत खा. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती उपाशीपोटी नको, जेवणासोबत घ्या.

बोअरच्या पाण्याचा धसका अनेकांना असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम चालतं आणि दुसरी सोय नसेल तर २०० पर्यंत. एका ग्लास दुधात जवळपास ३०० असतं. जड पाणी आवडत नाही म्हणून कमी पिणं हे जड पाणी पिण्यापेक्षा जास्त वाईट.

मिठाकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. मीठ लघवीत जाताना कॅल्शियमला सोबत ओढून नेतं. शेव, पापड, बिबडे, लोणचं, ठेचा हे सगळं एका ताटात आलं की दिवसाचं ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर मीठ, एका जेवणात ओलांडलं जातं.

पाण्याचा हिशोब पिण्यावरून नाही, लघवीवरून करा. रोज किमान २.५ लिटर लघवी झाली पाहिजे. एक सुट्टीचा दिवस घ्या, खुणा असलेल्या बाटलीत मोजा. हिवाळ्यात त्यासाठी ३ लिटर पाणी पुरेल, मेच्या उन्हात शेतात ५ लिटरही कमी पडेल. पाच लिटरचा थर्मास बांधावर सावलीत ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पेलाभर प्या, दुपारी एकदम नको. रात्री लघवी सर्वांत दाट होते, म्हणून झोपताना एक पेला आणि मध्ये जाग आली तर आणखी एक. दोन-तीन लिंबांचा रस दिवसभरात, साखर-मीठ न घालता. ताक चालेल, मीठ बेताचं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.